प्रबंधाचा विषय आणि कंपनी सरकारची वही

एम. ए.च्या प्रबंधाला विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक यांच्यामधला खाजगी प्रश्न दिसतो. त्यात गावाने डोके घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे आहे की लोकप्रशासन हे ज्या शास्त्राचे नाव, त्याचा माल म्हणजे तुम्हीआम्हीच. तलाठ्याच्या दप्तरात, पंचायतीच्या ठरावात, रोजगाराच्या हजेरीपटात जे काय लिहिले जाते ते आपल्यासंबंधी लिहिले जाते. राजूरच्या गणपतीला नवस बोलून मुलगा जालन्याला किंवा संभाजीनगरला शिकावयास जातो, दोन वर्षे खर्ची घालतो आणि शेवटी 'अमुक योजना : एक अभ्यास' अशा नावाचे एक बाड बांधून देतो. ते बाड कपाटात जाते. मुलाला पदवी मिळते, योजनेला काही होत नाही. विषय निवडताना जी हयगय झाली तिचा दंड गावाने भरावयाचा, अशी ही रीत आहे.

या विषयावर उपदेश करण्यापेक्षा एक घडलेली हकीगत सांगावी हे बरे. लोकप्रशासनात पदव्युत्तर प्रबंधाचा विषय एका मराठी विद्यार्थ्याने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी कसा निवडला, त्याची ही हकीगत आहे. विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले, त्याच वर्षी जूनमध्ये बडोदे सरकारशी करार झाला आणि जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावयाची अट. वय बावीस. मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. आजच्या मुलांना वाटते की मोठ्या माणसांना विषय आपोआप सुचतात. परंतु मुदत तीन वर्षांची, पैसा मोजका आणि पाठीमागे घर उघडे, अशा स्थितीत विषय चुकविण्याची चैन त्या विद्यार्थ्यास परवडणारी नव्हती.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. पुष्कळ चरित्रांतून असे छापले गेले आहे की १९१५ साली आंबेडकरांनी एम. ए.साठी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. त्या विषयावरचे त्यांचे लेखन आहे, आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र इंग्रजी वाङ्मयात ते पुढे छापलेही गेले. परंतु कोलंबिया विद्यापीठाला १५ मे १९१५ या तारखेचा जो प्रबंध सादर झाला त्याचे नाव 'ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था' असे आहे. वसंत मून यांनी संपादित केलेल्या सहाव्या खंडात, १९८९ साली, तो छापून निघाला. म्हणजे लिहिल्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी तो आपल्या लोकांच्या हाती पडला! प्रबंध लहानसा आहे, चाळीसएक पानांचा. जाडीवर विद्वत्ता मोजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता या पानांत आहे काय? आरंभी कंपनीचे यंत्र उलगडून दाखविले आहे. भागधारकांची सभा, तिने निवडलेले चोवीस संचालक, वर लंडनमध्ये सरकारचे नियंत्रण मंडळ, खाली हिंदुस्थानात गव्हर्नर जनरलपासून कलेक्टरपर्यंतची उतरंड. १७७३ च्या कायद्यानंतर सभेत मत द्यावयाचे तर हजार पौंडांचा भाग लागे, संचालक व्हावयाचे तर दोन हजारांचा. कोट्यवधी लोकांवरील राज्याचा मताधिकार असा बाजारात विकत मिळत होता. त्यानंतर प्रबंध जमेच्या बाजूकडे वळतो. जमीनदारी, रयतवारी आणि मौजेवारी अशा निरनिराळ्या पद्धतींनी वसूल होणारा सारा, मीठ, अफू, जकात, कोर्टाचे मुद्रांक. मग खर्चाची बाजू : लष्कर, मुलकी नोकर, विलायतेत पाठवावयाच्या रकमा, आणि रस्ते-कालव्यांसाठी उरलेले चिमूटभर. सर्वांत शेवटी कर्ज.

कर्जाचे प्रकरण मला विशेष वाटते, आणि ते का, हे सांगण्यासाठी मला माझ्या धंद्याकडे वळावे लागेल. माझे शिक्षण शाळेत थोडेच झाले. कामगारांच्या वतीने मालकासमोर बसण्यात हयात गेली, तेथे एक विद्या शिकावी लागली, ती म्हणजे ताळेबंद वाचणे. बोनसची मागणी केली की तोटा दाखविला जातो. अशा वेळी घोषणा देऊन घसा बसवून घेण्यापेक्षा वही मागावी आणि खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवावे. एका कारखान्यात मालकाच्या घरच्या लग्नाचा मांडव 'किरकोळ दुरुस्ती'त उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे. जमेत लबाडी करणे कठीण, खर्चात सोपे, आणि कर्जात तर ती उघड्या डोळ्यांनाही दिसत नाही. कारण कर्ज एकाने काढावयाचे आणि दुसऱ्याने फेडावयाचे, ही सोय त्यात असते.

कंपनीने नेमके हेच केले. रमेशचंद्र दत्तांनी १९०२ आणि १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आर्थिक इतिहासात आकडे दिले आहेत. १७९२ मध्ये हिंदुस्थानच्या नावावर सुमारे ७० लक्ष पौंड कर्ज होते. १८०५ मध्ये ते २ कोटी १० लक्ष झाले. १८५८ मध्ये ६ कोटी ९५ लक्ष. पहिली मोठी उडी वेलस्ली गव्हर्नर जनरल असतानाची आहे. आणि त्या काळातली एक लढाई कोठे झाली? २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जालना जिल्ह्यात, केळणा नदीच्या काठी, असई येथे. शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली तेथे जिंकला आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. शाळेत आपल्याला तोफा किती आणि माणसे किती पडली हे शिकवितात. त्या तोफांचे बिल कोणाच्या नावे फाडले गेले हे शिकवीत नाहीत. आपला मुलूख तेव्हा निजामाचा, म्हणून आपण त्या बिलातून सुटलो असे समजण्याचेही कारण नाही. निजामाच्या गळ्यात बांधलेल्या कंटिंजंट फौजेची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवकडचा मुलूखही कंपनीच्या हवाली करावा लागला. धाराशिव १८६० मध्ये परत आले, वऱ्हाड आले नाही.

पुढची गोष्ट याहून विलक्षण आहे. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण भागधारकांचा नफा बंद झाला नाही. साठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे दरसाल ६ लक्ष ३० हजार पौंड, हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावयाचे ठरले. दुकान बंद, गिऱ्हाईक मात्र दुकानदाराला नफा पोचवीत आहे! १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेले तेव्हा कंपनीचे कर्जही हिंदुस्थानच्या तिजोरीवर ठेवण्यात आले. १८७४ मध्ये भागधारकांना शंभराचे दोनशे देऊन निरोप दिला गेला, तोही आपल्याच खर्चाने. आपल्याला जिंकण्यास आलेला खर्च आपणच फेडला, हा या वहीचा तळ आहे. आंबेडकरांच्या प्रबंधाचा रोखही तेथेच जातो. इंग्लंडने हिंदुस्थानला दिले काय आणि हिंदुस्थानने इंग्लंडला दिले काय, याचा हिशेब मांडून दुसरे पारडे किती जड आणि पहिले किती रिकामे, हे ते शेवटी दाखवितात.

अर्थात हा विचार नवा नव्हता. दादाभाईंचा ग्रंथ १९०१ मध्ये आला होता, रानड्यांनी १८९२ मध्येच डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले होते, गोखल्यांनी १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली होती. (ज्या वसंत व्याख्यानमालेच्या प्रथेवर आपण येथे जमलो आहोत तीही रानड्यांनीच १८७५ मध्ये पुण्यात सुरू केली.) म्हणजे विषय हवेत होता. विद्यार्थ्याने अगदी कोणी न शिवलेला विषय शोधावा, हा जो आग्रह हल्ली धरला जातो तो मला पटत नाही. जुन्या भांडणात नवी साक्ष आणणे हेही काम आहे. आधीच्या मंडळींचे लक्ष देशाबाहेर जाणाऱ्या संपत्तीवर होते; या तरुणाने ती ज्या यंत्रातून जाते ते यंत्रच, त्याच्या सभा, मंडळे, खाती आणि अधिकार यांसह, टेबलावर मांडले. या अर्थाने तो लोकप्रशासनाचा प्रबंध आहे.

परंतु खरा प्रश्न निराळाच आहे, आणि तो मला अनेकांनी विचारला आहे. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला गेला नाही, त्याने अस्पृश्यतेवर प्रबंध का लिहिला नाही? कंपनीच्या जमाखर्चाशी त्याच्या दुःखाचा संबंध काय?

जातीवर त्यांनी लिहिले, पण वर्षभराने. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात जातिसंस्थेवरील निबंध वाचला. तो १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त आला. त्यातही स्वतःच्या अपमानाची हकीगत नाही, जात ही संस्था कशी बनली याची चिकित्सा आहे. माझ्या मते दोन्ही निवडींत एकच दृष्टी आहे. जो माणूस सोसतो त्याला जग दुःखाची कैफियत विचारते, हिशेब विचारीत नाही. त्याने आपले दुःख सांगावे आणि इतरांनी त्यावर धोरण ठरवावे, अशी ही वाटणी आहे. कामगाराच्या बाबतीत आम्ही रोज हेच पाहतो. त्याला व्यासपीठावर भूक सांगण्यास बोलावतात, समितीत मात्र घेत नाहीत. आंबेडकरांनी ही वाटणी नाकारली. ज्यांच्या हाती तिजोरी होती त्यांचीच वही त्यांनी उघडली. पदवी मिळविण्याची युक्ती म्हणून हे केले असते तर ते एका प्रबंधावर थांबले असते. ते थांबले नाहीत.

पुढच्या प्रबंधात विषय आक्रसला आणि खोल गेला, हेही पाहण्याजोगे आहे. संपूर्ण कंपनी सरकार सोडून त्यांनी एकच प्रश्न धरला : मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली? १८३३ पासून सारा पैसा केंद्राच्या मुठीत. १८७१ मध्ये मेयोच्या योजनेने प्रांतांना ठराविक रकमा. १८७७ पासून काही उत्पन्ने तोडून दिली. १८८२ पासून उत्पन्नात वाटा. हा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग यांनी काढला, त्याला त्यांचे गुरू सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. मधल्या काळात शिष्यवृत्ती संपून १९१७ मध्ये परतणे, युद्धात बुडालेले सामान, बडोद्यात राहण्यास जागा न मिळणे, सिडनहॅम कॉलेजातील नोकरी, उसनवारी करून पुन्हा लंडन, हे सर्व घडले. तरी १९२१ चा एम. एस्सी.चा प्रबंध त्याच धाग्यावर होता. एवढ्या उलथापालथीत विषय हातचा सुटला नाही, कारण तो मार्गदर्शकाने वाटून दिलेला नव्हता.

आणि त्याचा उपयोग? २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना आंबेडकरांनी विचारले की आयकर द्यावयाचा तर ठराविक उत्पन्नाची मर्यादा आहे, मग शेतसारा एक एकरवाल्याकडूनही का घेता? पिकले न पिकले तरी का घेता? हा प्रश्न विचारण्याची तयारी न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात झाली होती.

आता आपल्याकडे पाहू. विषय दूर नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडणारे हात ज्यांनी पाहिले त्यांतले काहीजण या श्रोतृवर्गात असतील. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी उभी राहिली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या पगारातून कापलेल्या पैशाने भोकरदनच्या मजुराला काम, आणि जितका कर तितकीच सरकारची भर! कामगार आणि शेतमजूर यांना जोडणारी इतकी सरळ तार मला दुसरी माहीत नाही. त्या कराचे पुढे काय झाले, किती निधी पडून राहिला, एका तालुक्यात त्यातून झालेले किती बांध आणि पाझर तलाव उभे आहेत आणि किती कागदावर आहेत, यावर एखाद्याने दोन वर्षे घालवावीत. दुसरा विषय जिल्ह्याचाच आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून जालना वेगळा झाला, परभणीतला परतूर त्यात आला. नवे कार्यालय आले, पाटी आली. राजूरच्या शेतकऱ्याची एका दाखल्यासाठीची खेप त्यामुळे कमी झाली की नुसती निराळ्या रस्त्याने जाऊ लागली? ही मोजण्यासारखी गोष्ट आहे.

मात्र विषय पक्का करण्यापूर्वी मुलाने एकदा तहसिलीत जाऊन यावे. त्या विषयाचे कागद कोणत्या खोलीत आहेत, कोणत्या सालापासूनचे आहेत, वाळवीने किती ठेवले आहेत, हे पाहावे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने ते मागण्याची वाट खुली केली आहे. हजेरीपटावरची अंगठ्यांची रांग दिसली, तर त्यातले चार अंगठे कोणाचे ते त्या गावात जाऊन विचारून यावे, आणि मग मार्गदर्शकाकडे जावे.