कुत्रं चालेल, कोड चालणार नाही

तर झालं असं. गेल्या महिन्यात आमचं रिलीज चक्क वेळेवर गेलं (हे वाक्य आमच्या धंद्यात फार वेळा लिहायला मिळत नाही) आणि मी जाहीर केलं की हा वीकांत लॅपटॉपचं तोंड बघणार नाही. बायको म्हणाली, "कुठेतरी स्पाला जाऊ." मी म्हणालो, "आणि मोत्या?"

मोत्या म्हणजे आमचं कुत्रं. सोसायटीच्या गेटपाशी सापडलेलं, अस्सल गावठी, पण चालण्यात रुबाब असा की वॉचमनही बाजूला होतो. त्याला ठेवून जायचं तर ठेवायचं कुणाकडे? मग बसलो शोधत. पुण्यापासून दोन-अडीच तासांवर, जुन्या बंगल्याचं केलेलं एक हॉटेल सापडलं. कुत्र्यांचं मनापासून स्वागत. त्यांना वेगळी गादी, वेगळा मेनू, फिरायला हिरवळ. माणसांना तेल, मालिश आणि गरम पाण्याचं कुंड. दर बघून पोटात गोळा आला, पण असो, रिलीज वेळेवर गेलं होतं.

फॉर्म भरायला घेतला. कुत्र्याचं नाव, वजन, रेबीजच्या लशीची तारीख. सगळं भरलं. मग माणसांचा भाग आला. त्यात एक प्रश्न होता : त्वचेचा काही आजार आहे का? खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, असल्यास कुंडात उतरता येणार नाही.

मी 'नाही'वर टिचकी मारली.

बायकोने माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. माझ्या डाव्या कोपरावर रुपयाएवढा पांढरा डाग आहे. दोन वर्षांपूर्वी तो चार आण्याएवढा होता.

त्या रात्री आजीला फोन केला. आजी गावी असते, नांदेड जिल्ह्यात, हदगाव तालुक्यात. हे डाग आमच्या घरात पहिल्यांदा तिला आले. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आजी, तुम्ही त्या गरम पाण्याला गेला होता ना गं?" तिकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "उनकेश्वराला. तुला कामून पाहिजे ते आता?"

मग सांगायला लागली. साल तिला आठवत नाही, पण माझे बाबा तेव्हा पाळण्यात होते, म्हणजे १९७०च्या आसपासचं असणार. हातावर डाग दिसले आणि शेजारणींनी तिच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. लग्नकार्यात तिला पोळपाटाशी बसू देईनात. मग आजोबांनी बैलगाडी जुंपली. गावात सांगितलं, देवदर्शनाला चाललो. गाडीत आजी, बाबा, पिठाचं गाठोडं आणि गाडीखाली चालत काळू. काळू म्हणजे तेव्हाचं कुत्रं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात, तसंच. पंधरा दिवस ते तिथे राहिले. सकाळ-संध्याकाळ त्या पाण्यात अंघोळ, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी.

म्हणजे हिशोब करा मंडळी. गरम पाण्याचं कुंड, शहरापासून दूर, कुत्र्यासकट, पंधरा दिवस. मी ज्याचे पैसे भरत होतो तेच सगळं आमच्या आजीने पन्नास वर्षांपूर्वी केलं होतं. फक्त ती तिथे गेली त्याचं कारण आणि मला जिथे मज्जाव होता त्याचं कारण एकच होतं.

हे डोक्यात बसलं आणि पुढचे दोन वीकांत वाचण्यात गेले. त्यातलं काही इथे मांडतो.

आधी उनकेश्वर. नांदेड जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, किनवटच्या जंगलपट्ट्यात, पैनगंगेच्या काठाला. नदीपलीकडे यवतमाळ. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचा आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला. तिथे शंकराचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे आणि गंधकाचा वास येणाऱ्या गरम पाण्याची कुंडं आहेत. पाणी अंगाला सोसेल इतपत गरम, चाळीस अंशांच्या थोडं वर. नावातच 'ऊन' आहे, म्हणजे ऊन-ऊन पाणी. कोकणातलं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, जळगावकडचं उनपदेव, ही सगळी त्याच कुळातली नावं. आपल्या लोकांनी गरम पाणी दिसलं की गावाला त्याचंच नाव दिलंय, उगाच कल्पकता दाखवलेली नाही.

खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी तापतं, असं शाळेत मला वाटायचं. तसं नाही. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. होतं असं, की पावसाचं पाणी खडकांच्या भेगांमधून खोल मुरतं. दर किलोमीटर खोलीला जमीन साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापत जाते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. वाटेत खडकांमधले क्षार आणि गंधक सोबत घेतं. बस्स. बिनखर्चाचा गीझर.

आता दंतकथा. शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला होता. वनवासात असताना राम तिथे आला, त्याने जमिनीत बाण मारला, गरम पाणी वर आलं आणि त्यात न्हाऊन ऋषी बरे झाले. मला ही गोष्ट वरवर माहीत होती. पण मग मी वाल्मीकी रामायणात शरभंग शोधले. अरण्यकांडात ते आहेत. पण तिथे रोग नाही, बाण नाही, पाणीही नाही. तिथे शरभंग रामाचं दर्शन घेतात, स्वतः अग्नीत प्रवेश करतात आणि तरुण होऊन बाहेर येतात. म्हणजे रोग हा नंतर आला. तो कुणी आणला?

याचं उत्तर मला इंग्लंडमध्ये सापडलं. तिथल्या बाथ या गावी रोमन काळापासूनची गरम पाण्याची स्नानगृहं आहेत. ते गाव ब्लाडुड नावाच्या राजपुत्राने वसवलं अशी कथा. त्याला कुष्ठरोग झाला, राजवाड्यातून हाकलला, डुकरं राखायला लागला. डुकरं गरम चिखलात लोळायची. त्यांची कातडी सुधारली, ते बघून तोही लोळला आणि बरा झाला. आता ही कथा बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ याने पहिल्यांदा लिहिली तेव्हा ब्लाडुड राजा होता, त्याने गरम स्नानगृहं बांधली, एवढंच होतं. रोग नाही आणि डुकरंही नाहीत. तिथेही ते नंतर आले!

दोन देश, दोन धर्म, आणि दुरुस्ती एकच. मला वाटतं, या गोष्टी राजांनी किंवा पुराणिकांनी बदललेल्या नाहीत. त्या पाण्यापाशी येणाऱ्यांनी बदलल्या. ज्यांना गावाने बाहेर काढलं ते तिथे येऊन बसायचे, आणि त्यांना अशी गोष्ट हवी होती ज्यात आपल्यासारखाच एकजण ऋषी असतो, राजपुत्र असतो. कातडीमुळे माणूस हलका ठरत नाही, हे सांगायची दुसरी सोय त्यांच्याकडे नव्हती.

आणि जनावरं? तीही या गोष्टींत उगाच नाहीत. झेक देशातल्या कार्लोव्ही व्हारी या प्रसिद्ध स्पा-गावाची कथा तर सरळ कुत्र्याचीच आहे. चौदाव्या शतकात सम्राट चौथा चार्ल्स शिकारीला गेला, हरणामागे धावताना त्याचं कुत्रं उकळत्या झऱ्यात पडलं, केकाटलं आणि राजाला झरा सापडला. २०२१ साली युनेस्कोने युरोपातली अकरा स्पा-गावं जागतिक वारशात घेतली. त्यात बाथ आहे, कार्लोव्ही व्हारी आहे आणि ज्याच्या नावावरून आपण 'स्पा' म्हणतो ते बेल्जियममधलं स्पाही आहे. त्या कुत्र्याला काही मिळाल्याचं ऐकिवात नाही :)

आपल्याकडे कुत्रं तर देवाच्या पायाशीच आहे. उनकेश्वरहून माहूर जवळ. माहूर म्हणजे रेणुकेचं आणि दत्ताचं ठिकाण. दत्ताचा दिनक्रम आठवा : स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, झोप माहूरला. सोबत चार कुत्री. जगातला पहिला कुत्र्यासकट वीकांत कुणाचा, या प्रश्नाचं आमच्या नांदेडकरांकडे तयार उत्तर आहे.

तसाच खंडोबा. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात माळेगाव लागतं. मार्गशीर्षाच्या शेवटी तिथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार लागतो आणि कुत्र्यांचं प्रदर्शनही भरतं. हे खूळ शहरातून आलेलं नाही. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, आणि त्याचे वाघ्ये एकेकाळी देवाचे कुत्रे म्हणून कोटंब्यात वाढलेलं खायचे. भटक्या जमातींची पालं इथे पडायची, त्यांच्या जातपंचायती इथेच बसायच्या. पालासोबत कुत्रं येणारच, ते राखण करायचं. आमच्या भागातलं लांब पायांचं, सडपातळ कारवानी कुत्रंही तांड्यांबरोबर आलं असं मानतात, नावच तसं आहे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यासाठी ओळखलं जातं. याच जातीला सीमेपलीकडे मुधोळ म्हणतात, आणि २००५ साली पोस्टाने तिकीट काढलं ते मुधोळ या नावाने. (इथेही मराठवाड्याचा अनुशेष. असो.)

सांगायचा मुद्दा, कुत्र्याला सोबत नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते ही गोष्टच नवी आहे. आज रेल्वेने कुत्रं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाका. काळूला बैलगाडीखालची सावली पुरली.

पण जुनं ते सगळं छान होतं असं म्हणून मी मोकळा होणार नाही. आजी तिथे आराम करायला गेली नव्हती. तिला घालवलं होतं. आणि डाग काही गेले नाहीत. जाणारही नव्हते. गंधक खरजेवर चालतं, आजही खरजेच्या मलमात ते असतं. पण कोड हा जंतूंचा रोगच नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा कातडीला रंग देणाऱ्या पेशींवरच चालून जाते, म्हणून डाग पडतो. शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, पाण्यातून तर नाहीच. जगात शंभरात साधारण एकाला असतं. घोळ शब्दाने घातला. कोडाला आपण 'श्वेतकुष्ठ' म्हणत आलो आणि कुष्ठाचा सगळा धसका कोडाच्या माथी मारला.

आणि खुद्द कुष्ठरोगाचं काय? त्यावर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित औषधांचा उपचार सुचवला, तेव्हापासून तो गोळ्यांनी बरा होतो. तरी इंग्रजांचा १८९८चा कुष्ठरोग्यांचा कायदा आपण २०१६ साली रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ साली निघालं. तेव्हा मी इंजिनीअरिंगची डिग्री घेऊन नोकरीला लागलो होतो. म्हणजे ही पणजोबांच्या काळातली गोष्ट नाही.

आजीला मी शेवटी विचारलं, "मग उपयोग काय झाला गं तिथे जाऊन?"

म्हणाली, "डागाचा नाही झाला. पण तिथं समद्यांनाच काहीतरी होतं रे. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. पंधरा दिवस मी बाह्या वर करून फिरले." मग थोडं थांबून, "अन् परत आल्यावर बी काळू माझ्याच हातचं खायचा. बाकीच्यांना दोन वर्षं लागली. कुत्र्याला काय कळतंय कोड न् बिड."

इतका वेळ मी इतिहास म्हणून जे वाचत होतो ते आजीने चार वाक्यांत सांगून टाकलं. शरभंगांना पाण्याने बरं केलं की नाही मला माहीत नाही. पण जिथे कुणी बघत नाही अशी जागा लोकांनी त्या पाण्याभोवती केली आणि तिला देव दिला, म्हणजे तिथून कुणाला उठवता येणार नाही. आणि आपण त्याच गरम पाण्याभोवती कुंपण घालून दारावर त्याच लोकांना अडवणारी पाटी लावली. कुत्र्याला मात्र आत घेतलं, हे बरं केलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलला फोन केला. म्हटलं, फॉर्ममध्ये चूक झाली, मला कोड आहे. संसर्गाचं नसतं, हवं तर डॉक्टरांची चिठ्ठी देतो. पलीकडची मुलगी नम्र होती. "मॅनेजरना विचारून कळवते सर." मग जरा अडखळून म्हणाली, "डॉगचं बुकिंग कन्फर्म ठेवू ना?"

अजून फोन आलेला नाही. बुकिंग मीच रद्द केलं.

येत्या जोडसुट्टीला आम्ही गाडी काढून गावी चाललोय. तिथून आजीला घेऊन उनकेश्वर. डाग जावा म्हणून नाही, त्यासाठी पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतलीये. आजीला ते पाणी पुन्हा बघायचंय, आणि मला तिच्याशेजारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून पायरीवर बसायचंय. गेली दोन वर्षं मी ऑफिसला पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतोय, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

फोन ठेवताना आजीने एकच विचारलं, "कुत्रं आणणार हाय ना संगं?"