गाडीच्या एसीचा गॅस दर उन्हाळ्यात का संपतो? गळती कशी शोधतात?

मार्च उजाडला की अनेक जुन्या गाड्यांचा एसी गार हवा देईनासा होतो. मेकॅनिक ‘गॅस संपलाय’ म्हणतो, भरून देतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, मात्र दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे हे नक्की.

गळती कुठे होते?

पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर (खडे लागून), जोडांमधल्या रबरी रिंगा, कॉम्प्रेसरचं सील, गॅस भरायचा व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल.

ती शोधायची कशी?

१. आधी डोळ्यांनी पाहा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटते.

२. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की मोठ्या गळतीला बुडबुडे येतात.

३. बारीक गळतीसाठी सिस्टिममध्ये खास रंग सोडतात. काही दिवस एसी चालवल्यावर यूव्ही टॉर्चखाली ती जागा चमकते.

४. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर गॅस ‘हुंगतो’. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जोडाच्या खालून फिरवावा लागतो.

५. सिस्टिम पूर्ण रिकामी असेल तर नायट्रोजनचा दाब देऊन तपासतात. ऑक्सिजन कधीही वापरू नये, तेलाशी संपर्क आला तर स्फोट होऊ शकतो.

व्हॅक्यूम टिकला नाही, तर गळती आहे एवढंच कळतं. ती कुठे आहे, हे कळत नाही. कूलिंग कॉइल दिसत नाही, त्यामुळे तिची तपासणी एसीच्या झडपांजवळ किंवा पाणी बाहेर पडणाऱ्या नळीशी डिटेक्टर धरून करतात.

नुसता गॅस भरला तर काय बिघडतं?

गॅस कमी झाला की कॉम्प्रेसरपर्यंत तेल नीट पोहोचत नाही आणि तो जाम होऊ शकतो. मग काही रुपयांच्या रिंगेपायी आख्खा कॉम्प्रेसर बदलावा लागतो. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये असलेला आर-१३४ए हा गॅस ओझोनला धोका देत नसला, तरी पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे.

हा गॅस त्वचेवर उडाला तर हिमदाह होतो. म्हणून पाइप स्वतः सोडू नका. गॅरेजमध्ये मात्र गॅस भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘गळती कुठे सापडली?’