मूकपटांची देहबोली
ज्या काळी पडद्यावरील पात्रांस वाचा नव्हती, त्या काळी भाषेचा सारा कारभार डोळे, मान आणि हात यांच्याच हवाली असे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त तारामती झालेले, पूर्वी उपाहारगृहात नोकरीस असलेले अण्णा साळुंके यांनी १९१७ च्या 'लंकादहना'त राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे पौरुष आणि स्त्रीत्व यांची भिन्न ढब एकाच देहाने वाहिली. पुढे बोलपट आला, तरी ही विद्या बरखास्त झाली नाही: १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये एका हाताने मुलाला ओढीत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन देवळात शिरणारी अभिनेत्री गौरीने उभी केलेली तुकारामपत्नी जिजाई पाहावी, तिचा संताप, दारिद्र्य आणि देवावरील हक्क हे सारे शब्दांआधीच प्रेक्षकांस उमगते.