खेळणे, कथा आणि संग्राहक

मराठी घरात ‘बाहुली’ म्हटले की भातुकली आठवते, लाकडाची ठकी आठवते, आजीने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांतून शिवलेली बाहुली आठवते. ‘बाहुला’ हा शब्द आपल्याकडे आहे खरा. पण त्याचे काम बहुधा बाहुलीच्या लग्नात नवरा म्हणून उभे राहण्यापुरतेच. मुलग्यांनी बाहुल्यांशी खेळू नये हा संकेत इतका पक्का होता, की त्याचा वेगळा विचार करण्याची गरज कोणाला वाटत नसे.

हाच संकेत अमेरिकेतही होता आणि तेथे एका व्यापारी कंपनीला त्याचा विचार करावा लागला. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाची, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची सैनिकाची प्रतिकृती बाजारात आणली. तिचे सांधे हलत, कपडे बदलता येत; म्हणजे ती सर्वार्थाने बाहुलीच होती. परंतु मुलगे बाहुली घेणार नाहीत या भीतीपोटी तिला ‘ॲक्शन फिगर’ असे नाव देण्यात आले. एका शब्दाच्या संकोचातून खेळण्यांचा एक नवा वर्ग जन्माला आला. पुढे या वर्गातल्या खेळण्यांनी कथा निर्माण केल्या, आणि त्या कथा लोपल्यावर संग्राहकांनी त्यांची स्मृती राखली. या प्रवासातील एका अप्रसिद्ध नायकाचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

जी. आय. जोचा साचा परवान्याने जपानमध्ये गेला. तेथील ताकारा कंपनीने त्याच देहावरून १९७२ साली पारदर्शक शरीराचा यंत्रमानव काढला आणि १९७४ साली त्याचे रूप सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत आणून ‘मायक्रोमॅन’ ही मालिका सुरू केली. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्लॅस्टिक महागले होते. त्या काळात लहान आकार सोयीचाही ठरला. मेगो या कंपनीने हीच खेळणी १९७६ साली ‘मायक्रोनॉट्स’ या नावाने अमेरिकेत आणली. १९७७ च्या नाताळात मार्व्हल प्रकाशनाचे लेखक बिल मँट्लो यांच्या लहान मुलाला ती भेट मिळाली. मुलाच्या हातातील त्या इवल्या आकृत्या पाहून वडिलांना एक सबंध सूक्ष्म विश्व दिसू लागले. त्यांनी आपल्या संपादकांना त्या खेळण्यांचे हक्क मिळवण्यास राजी केले आणि १९७९ च्या जानेवारीच्या अंकापासून चित्रकार मायकल गोल्डन यांच्यासह ‘मायक्रोनॉट्स’ ही चित्रकथा सुरू झाली. कथेवरून खेळणे बनवणे ही जुनी रीत; येथे खेळण्यावरून कथा झाली.

याच वर्षी ‘मोनॉपॉली’ या पटावरील खेळासाठी ख्यात असलेल्या पार्कर ब्रदर्स या कंपनीने आपली पहिली ‘ॲक्शन फिगर’ काढली. तिचे मूळ नाव ‘कोबॉल’, म्हणजे एका संगणकीय भाषेचे. पुढे ते बदलून ‘रॉम’ झाले. हेही संगणकाच्या स्मृतीच्या एका प्रकाराचे लघुरूप. हा रुपेरी चिलखतातला अंतराळयोद्धा होता. त्याचे डोळे चमकत, त्यातून आवाज निघत. मात्र हातापायांची हालचाल बेताचीच होती. त्याला ना शत्रू होता, ना मित्र, कारण मालिकेत दुसरे खेळणेच नव्हते. अपेक्षित खप न झाल्याने ते लवकरच बाजारातून गेले.

खेळणे गेले, पण त्याच्या जाहिरातीला हातभार म्हणून मार्व्हलकडे सोपवलेली चित्रकथा राहिली. डिसेंबर १९७९ पासून फेब्रुवारी १९८६ पर्यंत तिचे ७५ अंक निघाले. त्या सर्वांचे लेखन मँट्लो यांनीच केले. चित्रे बव्हंशी सॅल ब्युसेमा यांची आणि अखेरच्या काळातील स्टीव्ह डिट्को यांची. खेळण्याबरोबर केवळ तीन साधने आली होती. एक शत्रू ओळखणारे, एक भाषांतर करणारे, एक शस्त्र. मँट्लो यांनी त्यांतून एक करुण नायक घडवला. गॅलॅडॉर या ग्रहाचा तरुण आपल्या लोकांच्या रक्षणासाठी स्वतःचा मानवी देह त्यागून धातूत बंदिस्त होतो. रूप पालटणाऱ्या शत्रूंचा दोनशे वर्षे पाठलाग करीत तो पृथ्वीवरील एका छोट्या गावात उतरतो. तेथे शत्रू शेजाऱ्यांच्या रूपात वावरत असतात. त्यांचे खरे रूप केवळ रॉमला दिसते. गावकऱ्यांना मात्र एक यंत्र माणसे मारताना दिसते. ज्याने माणसांसाठी माणूसपण सोडले, त्यालाच माणसे राक्षस समजतात, हा या कथेचा गाभा आहे. अखेरच्या अंकात त्याला त्याचा देह परत मिळतो.

वाचकांच्या दृष्टीने मात्र शोकान्तिका येथूनच सुरू झाली. ‘रॉम’ हे नाव आणि रूप खेळणे बनवणाऱ्या कंपनीचे होते, तर कथेचे अंक मार्व्हलचे. करार संपताच दोघांपैकी कोणालाही ते अंक पुन्हा छापता येईनात. पार्कर ब्रदर्सचा वारसा १९८७ मध्ये टोंका कंपनीकडे आणि १९९१ मध्ये हॅस्ब्रोकडे गेला. रॉमही एखाद्या वाड्यातील जुन्या पेटीप्रमाणे मालकांच्या हाती फिरत राहिला. मँट्लो दरम्यान वकिलीकडे वळले होते आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात गरीब आरोपींची बाजू मांडत होते. १९९२ साली रस्त्यावर एका मोटारीने त्यांना धडक दिली. चालक पळून गेला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्यांचे लेखन कायमचे थांबले. कथा छापता येत नव्हती आणि लेखक लिहू शकत नव्हता.

या रिकाम्या जागेत संग्राहक उभे राहिले. जुने अंक आणि ते रुपेरी खेळणे त्यांनी रद्दीच्या दुकानांतून, जुन्या बाजारांतून, माळ्यांवरून गोळा केले. या छंदाला हास्यास्पद बाजू आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. न उघडलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीला उघडलेल्या पेटीच्या कितीतरी पट किंमत येते. म्हणजे ज्या खेळण्याशी कोणीच खेळले नाही, ते सर्वांत मोलाचे. तथापि जतनाचे शास्त्रही येथेच रुजले. पांढरे प्लॅस्टिक सूर्यप्रकाशाने पिवळे पडते, मऊ प्लॅस्टिकमधील तेलकट द्रव्य बाहेर झिरपून शेजारच्या भागाला चिकटते, आत विसरलेली विजेरी गळून धातूचे संपर्क खाऊन टाकते. हे ज्ञान अशा हौशी हातांनीही, चुका करीत मिळवले. २००७ साली पोर्टलंड शहरात अनेक चित्रकारांनी रेखाटलेल्या रॉमच्या चित्रांचे प्रदर्शन भरवून मँट्लो यांच्या शुश्रूषेसाठी निधी जमवण्यात आला. वस्तू जपणाऱ्यांनी माणसालाही विस्मृतीत जाऊ दिले नाही, ही या इतिहासातील उजळ बाजू होय.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९८७ साली एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत फनस्कूल कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना गोव्यात आहे. जी. आय. जोच्या लहान आकाराच्या, १९८२ पासून मार्व्हलच्या चित्रकथेत वावरलेल्या योद्ध्यांची निर्मिती या कंपनीने केली. अमेरिकेत निवृत्त झालेल्या साच्यांतून, येथे हाताशी असलेल्या रंगांत ती बनत. त्यामुळे मूळ मालिकेत कधीच नसलेल्या रंगसंगती जन्माला आल्या. भारतीय मुलांच्या हातून झिजलेल्या आणि हरवलेल्या त्या आकृत्यांना आज परदेशी संग्राहक शोधत असतात. आपल्या माळ्यावर काय पडून आहे, हे आपल्याला पुष्कळदा दुसऱ्याच्या नजरेने कळते.

अखेरीस पुन्हा त्या शब्दाकडे यावे लागते. अमेरिकेच्या जुन्या जकात नियमांत ‘बाहुली’ म्हणजे मानवाची प्रतिकृती असे, आणि तिच्यावर कर १२ टक्के होता. इतर खेळण्यांवर तो ६.८ टक्के होता. टॉय बिझ कंपनीने आयात केलेल्या ‘एक्स-मेन’ या चित्रकथेतील आकृत्या मानवी नसल्याचा दावा केला आणि २००३ साली आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी तो मान्य केला. ज्या कथांचा सारा संघर्ष आपणही माणूसच आहोत हे जगाला पटवून देण्याचा, त्यांच्या नायकांना कर वाचवण्यासाठी अमानवी ठरवले गेले. १९६४ साली ज्या भीतीने ‘बाहुली’ हा शब्द टाळला गेला, तिचे हे न्यायालयीन उत्तर म्हणता येईल. रॉमची कथाही हेच विचारत होती : माणूस कशाने ठरतो, देहाने की त्यागाने?

२०२३ साली मार्व्हल आणि हॅस्ब्रो यांच्यात समझोता झाला आणि २०२४ मध्ये रॉमच्या जुन्या अंकांचा पहिला संकलित खंड निघाला. सुमारे ३८ वर्षे बंद असलेले दार उघडले. त्या काळात ही कथा जिवंत राहिली ती जीर्ण कागदाच्या आणि पिवळ्या प्लॅस्टिकच्या आश्रयाने, सामान्य माणसांच्या कपाटांत. ग्रंथालये जे मोलाचे मानतात ते जपतात, आणि ते योग्यच आहे. परंतु काय मोलाचे ठरेल हे काळच सांगतो, आणि तोवर ते कोणीतरी सांभाळलेले असावे लागते. बाहुला-बाहुलीचे लग्न संपल्यावर आजी त्या दोघांना पुन्हा पेटीत नीट ठेवून देई. संग्राहकाने केले ते याहून वेगळे नव्हे.