‘सर्पविषाचे औषध’ : संपादकीय तळटीप
लेखकाने येथे ज्याचा ओझरता उल्लेख केला आहे ते औषध म्हणजे कॅप्टोप्रिल होय. रक्ताचा दाब उतरला की मूत्रपिंड रेनिन नावाचे विकर रक्तात सोडते. ते यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा तोडून अँजिओटेन्सिन-१ निर्माण करते, आणि हा जवळजवळ निष्प्रभ तुकडा मुख्यत्वे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात दुसऱ्या एका विकराच्या तावडीत सापडून आणखी दोन अमिनो आम्ले गमावतो, तेव्हा कुठे रक्तवाहिन्या आवळणारे आणि ॲल्डोस्टेरॉनकरवी शरीरात मीठपाणी अडवून धरणारे जालीम अँजिओटेन्सिन-२ सिद्ध होते. कॅप्टोप्रिल या दुसऱ्या विकरातील जस्ताला चिकटून त्याचे कामकाज तहकूब करते. ही युक्ती ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषावरून सुचली, हे लेखकाचे म्हणणे यथार्थच आहे. मात्र औषधात विषाचा लवलेशही नसतो, ते १९७५ च्या सुमारास स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेत कुशमन व ओंडेटी यांनी कृत्रिमरीत्या घडविले. एरवी ब्रॅडिकायनिनचा निकाल लावण्याचे कामही त्याच विकराकडे असल्यामुळे ते साचून कित्येकांस चिवट कोरडा खोकला जडतो; अशांना लोसार्टनसारखी, अँजिओटेन्सिन-२ ला त्याच्या ग्राहीस्थानीच मज्जाव करणारी औषधे देतात. गर्भवतीस दोन्ही वर्ज्य. — संपा.