अप्रकट उष्म्याचा इतिहास

सेक्टर 10 मध्ये वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना कारखान्याच्या दिशेने उठणारे पांढरे ढग आठवत असतील. भट्टीतून निघालेला लालबुंद कोक पाण्याने विझवताना ते उठतात. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून पोलादाबरोबर वाफही या नगरीची सोबतीण आहे. तिचे रहस्य प्रथम उलगडले ते एका शिक्षकाने.

ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी 1762 साली पत्र्याच्या भांड्यात थंड पाणी घेऊन ते धगधगत्या चुलीवर ठेवले. सुमारे चार मिनिटांत पाण्याला उकळी फुटली. परंतु ते सारे आटण्यास वीस मिनिटे लागली. उकळी फुटल्यावर थोड्याच उष्णतेने सर्व पाण्याची वाफ होते, अशी त्या काळी समजूत होती. चूल तर तशीच पेटलेली होती आणि पाण्याचे तापमान वाढत नव्हते. मग उष्णता गेली कोठे? ती वाफेत दडली, असे ब्लॅक यांनी सांगितले. आज आपण जाणतो की, एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवण्यास 70 कॅलरी पुरतात. त्याची वाफ करण्यास मात्र आणखी 540 लागतात. म्हणूनच थोडे पाणी पुष्कळ धग शोषून घेते. शेजारच्या हिंदी शाळांत हिला ‘गुप्त ऊष्मा’ म्हणतात, आपण ‘अप्रकट उष्मा’ म्हणतो.

ब्लॅक यांनी हा शोध स्वतः ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला नाही. ते तो वर्गात शिकवत राहिले. 1799 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची व्याख्याने त्यांचे शिष्य जॉन रॉबिसन यांनी 1803 मध्ये प्रकाशित केली. त्याच विद्यापीठात यंत्रे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांनाही वाफेतील उष्णतेचे कोडे पडले होते. त्याचा उलगडा ब्लॅक यांनी केला. 1765 मध्ये वॅट यांना स्वतंत्र संघनकाची कल्पना सुचली आणि वाफेच्या यंत्राचे इंधन वाचले.

“मराठी माध्यमात शिकून मुलाचे पुढे काय?” असे पालक मला विचारतात. त्यांची चिंता मी जाणते. परंतु शिक्षणातही असा काळ येतो की, चूल पेटलेली असते आणि गुणपत्रिकेचा पारा मात्र हलत नाही. ती उष्णता वाया गेलेली नसते. त्या वीस मिनिटांत चूल विझवू नये, एवढीच हीरकमहोत्सवी वर्षातील माझी विनंती.