आर वाय, आर वाय

आमच्या शाखेत नवी संगणकप्रणाली यायची होती. तिच्या चाचणीसाठी खोट्या व्यवहारांची स्क्रिप्ट फाइल बनवायचं काम माझ्याकडे आलं, ते केवळ मी बी.कॉम. आहे म्हणून. एका ओळीत एक व्यवहार, प्रत्येक रकाना ठरलेल्या रुंदीचा. मी दोनशे खातेदार जन्माला घातले, दोघांना कर्जबाजारीही केलं. पत्ते सुचेनात तिथे माझाच घातला. मशीनने फाइल साभार परत केली. सत्तेचाळिसाव्या ओळीत एक जागा कमी!

"सर, माणसं खोटी चालतील, स्पेस खरी पाहिजे," संगणकखात्यातला मुलगा म्हणाला.

टेलिप्रिंटरवाल्यांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. लाइन ठीक आहे का हे बघायला ते 'आरवायआरवाय' असं पाठवीत. मला वाटलं, कुणा ऑपरेटरच्या प्रेयसीची आद्याक्षरं असतील. तसलं काही नाही. पाच घरांच्या त्या लिपीत आरची भोकं दुसऱ्या आणि चौथ्या घरात, वायची पहिल्या, तिसऱ्या, पाचव्यात. एक जिथे हो म्हणतो तिथे दुसरा हमखास नाही म्हणतो. (संसार याच तत्त्वावर चालतो.) यंत्राला याहून चांगली जोरबैठक नाही. सगळी अक्षरं तपासायला आळशी कुत्र्यावरून उडी मारणाऱ्या कोल्ह्याचं इंग्रजी वाक्य असे. कागदी पट्टीवर ते भोकांनी कोरून दोन्ही टोकं चिकटवली, की कोल्हा हवा तितका वेळ उड्या मारी. ती पट्टी म्हणजे त्या काळची स्क्रिप्ट फाइल. ओळीच्या शेवटी आधी गाडा मागे नेण्याची खूण, मग कागद सरकवण्याची. गाड्याला परतायला वेळ लागे, म्हणून हा क्रम.

पुढे मे 1983 मध्ये जॉन पोस्टेल यांनी इंटरनेटसाठी अक्षरं ओकत राहणाऱ्या सेवेचा नियम लिहिला. समोरचा काय म्हणतो ते ऐकायचं नाही, तो फोन ठेवीपर्यंत बोलत राहायचं. नमुना म्हणून 72 अक्षरांच्या ओळी सुचवल्या, प्रत्येक ओळ एका अक्षराने पुढे सरकलेली, आणि शेवटी तीच जुनी जोडी. गाडा गेला, कागद गेला, खूण राहिली! त्याच महिन्यात दोन भावंडंही जन्मली: एक आलेलं जसंच्या तसं परत करणारं, दुसरं आलेलं केराच्या टोपलीत टाकणारं. दुसऱ्याशी माझा रजेच्या अर्जांमुळे जुना परिचय आहे.

या निरुपद्रवी मंडळींनी 1996 मध्ये मात्र घात केला. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घातला की बडबड्या आणि री ओढणारा यांची परस्पर गाठ घालता येई. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ते परत करायचं, ते मिळालं की पहिल्याने पुन्हा बोलायचं. लाइन तुंबायची, मशीन दमायचं. शेवटी अमेरिकेतल्या संगणक-सुरक्षा केंद्राला या सेवा बंद ठेवा, असा इशारा द्यावा लागला.

माझी फाइल तिसऱ्या खेपेस पास झाली. चाचणी संपल्यावर दोनशेही खातेदार पुसायचे होते, पण एक कर्जबाजारी राहून गेला. महिन्याभराने थकबाकीची नोटीस माझ्या घरी आली.

"अहो," बायकोने पाकीट फोडून विचारलं, "हा कोण आपल्याकडे राहतो?"